३२ अंशांच्या वर: ओसाका–सेंदाई विमानप्रवासातला पेशींचा पापुद्रा

ओसाका विद्यापीठ आणि सेंदाईचं तोहोकू विद्यापीठ यांच्यात सरळ रेषेत सहाशेहून जास्त किलोमीटर आहेत. विमानाला तास-सव्वा तास लागतो, पण इन्क्युबेटरच्या (पेशी वाढवायच्या उबदार कपाटाच्या) दारापासून इन्क्युबेटरच्या दारापर्यंत मोजायला बसलं की मोटार, विमानतळावरचं ताटकळणं, उड्डाण, पुन्हा मोटार असे तास वाढतच जातात. नेत्रतज्ज्ञ कोजी निशिदा यांच्या गटाने या दोन विद्यापीठांदरम्यान प्रयोगशाळेत वाढवलेले, अंध झालेल्या डोळ्यावर बसवता येतील असे पेशींचे पापुद्रे विमानाने नेले, जाण्याआधी तपासले आणि प्रवासानंतर १२ तासांनी पुन्हा तपासले. हे काम २०१४ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यात रुग्ण नव्हता, कुणाच्या डोळ्यावर काही बसवलं नाही. पेशी दोन निरोगी स्वयंसेवकांच्या तोंडातल्या अस्तराच्या होत्या आणि प्रश्न एवढाच होता की पापुद्रा निघाला तसाच पोहोचतो का.

प्रश्न साधा वाटतो. रक्ताच्या पिशव्या रोज जातात, नेत्रपेढीतून कॉर्निया (डोळ्याचा पारदर्शक पुढचा पडदा) बर्फाच्या पेटीत गावोगावी जातो. मग या पापुद्र्याचं वेगळं काय? वेगळं हे, की तो बर्फात ठेवता येत नाही. ठेवला तर ज्या डिशमध्ये वाढवला, तिच्यावरून वाटेतच सुटून येतो.

डिशच ठरवते तापमान

बुबुळाच्या काळ्या-पांढऱ्या सीमेवर लिंबस नावाची कड असते. कॉर्नियाचा वरचा थर सतत झिजतो आणि या कडेतल्या मूलपेशी तो भरून काढतात. आम्ल किंवा चुना डोळ्यात जाऊन, किंवा स्टीव्हन्स-जॉन्सनसारख्या त्वचा आणि अस्तरं सोलवटणाऱ्या आजारात ही कड नष्ट झाली की डोळ्याच्या पांढऱ्या भागावरचा पडदा रक्तवाहिन्यांसकट कॉर्नियावर चढतो आणि दृष्टी जाते. नुसता दुसऱ्याचा कॉर्निया बसवून भागत नाही, कारण वरचा थर पुरवणारी कडच उरलेली नसते. एक डोळा शाबूत असेल तर त्यातून लिंबसचा तुकडा घेता येतो. दोन्ही गेले असतील तर रुग्णाच्या स्वतःच्या तोंडातून अस्तर घेतात. निशिदांच्या गटाने २००४ मध्ये चार रुग्णांवर हेच केलं होतं: गालाच्या आतून ३ मिमी × ३ मिमीचा तुकडा, दोन आठवडे वाढ, आणि तयार झालेला पापुद्रा टाका न घालता थेट कॉर्नियावर.

टाका लागला नाही, त्याचं श्रेय डिशला. तोक्योच्या महिला वैद्यकीय विद्यापीठात तेरुओ ओकानो यांनी विकसित केलेल्या या डिशच्या तळाला पॉली-एन-आयसोप्रोपिलअॅक्रिलअमाइड या बहुवारिकाचा अतिशय पातळ लेप असतो. ३२ अंश सेल्सिअसच्या वर तो पाण्याला दूर ठेवतो आणि पेशी त्याला धरून बसतात. ३२ च्या खाली तोच लेप पाणी शोषून फुगतो आणि पेशींची पकड सुटते. डिश २० अंशांवर अर्धा तास ठेवली की सगळा पापुद्रा एकसंध सुटून येतो. ट्रिप्सिनसारखं विकर घालून सोडवावा लागत नाही, त्यामुळे पेशींमधले जोड आणि खालचा चिकट थर शाबूत राहतो आणि तोच कॉर्नियाला धरतो.

शस्त्रक्रियेच्या टेबलावर जी सोय, तीच प्रवासात अडचण. वाटेत पेटी ३० अंशांवर आली तरी पेशी मरणार नाहीत, पण पापुद्रा कडेने उचलला जाईल, आक्रसेल, दुमडेल. दुमडलेला पापुद्रा पुन्हा सपाट पसरवणं म्हणजे ओल्या पापडाची घडी उलगडणं. म्हणून या प्रकरणात पेटीची खालची मर्यादा पेशींनी ठरवली नाही, लेपाने ठरवली. नोंदीत पेटीतलं तापमान संपूर्ण विमानप्रवासात ३२ अंशांच्या वर राहिलं, आणि हा आकडा याच कारणासाठी वाचायचा.

ऊब पुरवणारी पट्टी

शरीराच्या तापमानाची पेटी बनवायचे दोन मार्ग: बॅटरीवरचा हीटर, किंवा ठराविक तापमानाला गोठणाऱ्या पदार्थाच्या पट्ट्या. विमानात बॅटरीचे नियम आड येतात आणि हीटर बिघडला तर पेशी शिजण्याची भीती असते. पट्टीला बिघडायला काही नसतं, म्हणून कमी अंतरासाठी तीच बरी.

आयकोसेन हा मेणवर्गीय पदार्थ ३६.७ अंशांच्या आसपास वितळतो. गोठताना तो किलोमागे साधारण २४० किलोज्यूल उष्णता सोडतो. तेवढंच पाणी ३७ वरून ३२ अंशांवर उतरताना जेमतेम २१ किलोज्यूल देतं. म्हणजे गरम पाण्याच्या पिशव्या भरून पेटी उबदार ठेवायची तर अकरापट वजन वाहावं लागेल, आणि तेही तापमान सतत घसरत असताना.

आता भिंत. बाहेरून ३० सेमी बाजूचा घनाकार डबा घेतला तर पृष्ठभाग ०.५४ चौरस मीटर. ३ सेमी थर्मोकोलची भिंत, आत ३७ आणि बाहेर ५ अंश, तर उष्णता सुमारे २० वॅटने बाहेर पडते. एक किलो आयकोसेन सव्वातीन तासांत संपतं. सेंदाईत जानेवारीचं सरासरी तापमान दोन अंशांच्या आसपास असतं, तेव्हा हा हिशेब काल्पनिक नाही. तेवढ्याच जाडीचे निर्वात (आतली हवा काढलेले) पॅनेल लावले तर गळती कागदावर ३ वॅटच्या आत येते आणि तोच किलो २० तासांच्या पुढे जातो. प्रत्यक्षात पॅनेलच्या सांध्यांतून आणि झाकणाच्या कडेने उष्णता निसटते, त्यामुळे कागदी आकड्याच्या निम्मं धरून चालावं. पॅनेलला खिळ्याएवढं भोक पडलं की निर्वात गेला आणि बाहेरून काहीच दिसत नाही. दर खेपेआधी पॅनेल हाताने दाबून पाहतात: फुगलेलं, सैल लागलं की ते बाद.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो पट्टी तयार करताना. घाईत ४५ अंशांच्या ओव्हनमधून काढलेली पट्टी थेट डब्याला टेकवली, तर पहिला अर्धा तास डिशला तेवढा ताप सोसावा लागतो. थंडीपेक्षा हा धोका मोठा, कारण ४० च्या पुढे पेशींचं नुकसान लवकर होतं. पट्ट्या पूर्ण वितळवायच्या, मग ३८ अंशांच्या इन्क्युबेटरमध्ये रात्रभर ठेवून त्याच तापमानावर आणायच्या आणि पेटीही रिकामी असताना आतून गरम करून घ्यायची. थंड पेटीत गरम पट्टी ठेवली तर पट्टीची काही ताकद भिंती तापवण्यात जाते.

तापमान नोंदवणारं यंत्र पेटीच्या झाकणाला नाही, डिशच्या डब्याला चिकटवायचं. झाकणाजवळची हवा आणि डिश यांच्यात दोन-तीन अंशांचा फरक सहज पडतो, आणि मर्यादा ३२ असताना दोन अंश म्हणजे सगळंच.

कळसूबाईपेक्षा उंच

प्रवासी विमानाच्या केबिनमधला दाब साधारण १,८०० ते २,४०० मीटर उंचीवरच्या हवेइतका असतो. कळसूबाईचं शिखर १,६४६ मीटर आहे. म्हणजे खुर्चीत बसलेल्या माणसासकट पेटीही त्याहून उंच जाऊन येते. समुद्रसपाटीला १,०१३ हेक्टोपास्कल असलेला दाब ७५०–८१५ पर्यंत उतरतो.

माणसाच्या कानाला दडे बसतात, पापुद्र्याचं काय होतं? पेशी वाढतात ती वाटी दुसऱ्या भांड्यात टांगलेली असते, तळाला सूक्ष्म छिद्रांचा पडदा असतो. त्या पडद्याखाली हवेचा एक मिलिलीटरचा बुडबुडा अडकला असेल तर केबिनमध्ये तो तिसऱ्या हिश्श्याने फुगतो आणि पडदा वर ढकलतो. पोषक द्रवात विरघळलेला वायूही बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर येऊ लागतो. त्यातल्या त्यात वाईट म्हणजे कार्बन डायऑक्साइड निसटतो. इन्क्युबेटरमधला द्रव ५% कार्बन डायऑक्साइड आणि बायकार्बोनेट यांच्या तोलावर असतो. वायू गेला की द्रव अल्कधर्मी होतो. फिनॉल रेड हा रंगसूचक घातलेला द्रव लालसर केशरी दिसायला हवा, तो जांभळट गुलाबी झाला म्हणजे झाकण गळतंय. पेटी उघडल्यावर पहिली नजर तापमापकाकडे नाही, या रंगाकडे जावी.

म्हणून डिश एका कडक, हवाबंद डब्यात बंद करतात. ओसाका–सेंदाईच्या पेटीत विमानप्रवासात दाबाचा बदल १० हेक्टोपास्कलच्या आत राहिला. १० हेक्टोपास्कल म्हणजे जमिनीवर सुमारे ८५ मीटर उंचीचा फरक, पंचवीस-अठ्ठावीस मजली इमारतीच्या लिफ्टने वर जाण्याइतका.

हे साधायला झाकण मजबूत लागतं. आत १,०१३ आणि बाहेर ७६० असेल तर १५ सेमी व्यासाच्या झाकणावर आतून साधारण ४५ किलो वजनाइतका जोर येतो. दोनच क्लिपा असतील तर झाकण मधल्या बाजूंना किंचित उचलतं आणि रबरी कडी तिथेच गळते. चार किंवा सहा क्लिपा, समोरासमोरच्या जोडीने आवळायच्या, गाडीच्या चाकाचे नट आवळतात तशा.

इथे एक गोष्ट हमखास निसटते. हवाबंद डब्यात दाब तापमानावरही हलतो. खोलीतली २५ अंशांची हवा आत ठेवून झाकण लावलं आणि डबा पुढे ३७ ला पोहोचला, तर उड्डाणाआधीच दाब ४० हेक्टोपास्कलने चढलेला असतो. उलट, ३७ अंशांवर बंद केलेला डबा ३२ वर उतरला तर दाब सुमारे १६ ने पडतो. झाकण आतली हवा गरम झाल्यावरच बंद करायचं. आणि दाबाचा आलेख ही तापमानाचीही दुसरी साक्ष आहे: तापमान सपाट आणि दाब हळूहळू उतरता दिसला तर डबा गळतोय, दोन्ही एकत्र उतरले तर पट्टी संपतेय.

डबा द्रवाने किती भरावा यावर मात्र एकमत नसतं. अर्धवट भरला तर द्रव हिंदकळून पापुद्र्यावर आपटतो. उथळ पाण्याला खळखळाट फार, हे इथे शब्दशः खरं. काठोकाठ भरला तर हिंदकळणं थांबतं, पण पेशींना द्रवात विरघळलेल्या प्राणवायूवर भागवावं लागतं, आणि ३७ अंशांवर पेशी खातात भरपूर. अर्ध्या दिवसाच्या प्रवासाला वाटी काठोकाठ आणि बाहेरच्या भांड्यात हवेची थोडी जागा ही तडजोड शहाणपणाची. त्याहून लांब प्रवासाला ३७ अंशांचा हट्टच सोडलेला बरा.

दारात पेटी आल्यावर

आवरणं तीन, आणि प्रत्येकाची जागा ठरलेली. बाहेरची पेटी शस्त्रक्रियागृहाच्या बाहेर राहते. मधला डबा अल्कोहोलने पुसून दारातून आत घ्यायचा. सर्वांत आतलं निर्जंतुक भांडं हातमोजे घातलेल्या माणसानेच उचलायचं. झाकण उघडण्यापूर्वी हवाबंद डब्याची दाब सोडायची झडप हळू फिरवायची, एकदम उघडली तर वाटीतला द्रव उसळतो. पेटीवर ‘क्ष-किरण तपासणी करू नये’ हा शिक्का आणि विमानतळासाठी वेगळं पत्र आधीच लागतं. रांगेत उभं राहून समजावत बसण्यात पट्टीची ऊब जाते.

मग वेळेचं गणित. शस्त्रक्रियागृह २०–२२ अंशांवर असतं, म्हणजे डबा उघडल्या क्षणापासून लेपाचं काम सुरू. कॉर्नियावर चढलेला रक्तवाहिन्यांचा पडदा सोलून काढायला किती वेळ लागेल ते आधी सांगता येत नाही. कधी वीस मिनिटं, कधी तासभर. म्हणून पडदा सोलून, रक्तस्राव थांबून, जागा तयार झाल्यावरच डबा उघडायचा. त्यानंतरचा अर्धा तास पापुद्रा सुटायचा. मग त्यावर मधोमध भोक असलेलं कडं ठेवायचं, त्याच्या आधाराने पापुद्रा उचलून कॉर्नियावर ठेवायचा, काही मिनिटांनी कडं काढायचं आणि वरून मऊ कॉन्टॅक्ट लेन्स.

रुग्णाच्याच पेशी असल्याने लेबलची चूक ही सगळ्यात महाग चूक. डिश, डबा आणि पेटी तिन्हींवर एकच क्रमांक, आणि दोन माणसांनी तो मोठ्याने वाचून रुग्णाच्या मनगटपट्टीशी जुळवायचा.

निर्जंतुकतेची प्रमाणित चाचणी १४ दिवसांची असते. पापुद्रा तेवढा थांबू शकत नाही. त्यामुळे पाठवताना हातात असतात त्या झटपट चाचण्या आणि वाढीच्या काळात घेतलेल्या नमुन्यांचे निकाल. शेवटच्या नमुन्याचा निकाल येतो तेव्हा पापुद्रा डोळ्यावर बसून दोन आठवडे झालेले असतात. तो निकाल बिघडलेला आला तर कोणी कोणाला फोन करायचा, कुठल्या प्रतिजैविकावर जायचं, हे पेटी निघण्यापूर्वी कागदावर असावं लागतं. तोंडातून घेतलेल्या पेशींच्या बाबतीत तर नक्कीच, कारण सुरुवातीचा तुकडाच जंतूंनी भरलेल्या जागेतून आलेला असतो.

आकडे कसे वाचायचे

जिवंत पेशींचं प्रमाण प्रवासाआधी ७२.०% होतं, नंतर ७७.३%. प्रवासाने पेशी सुधारल्या असा याचा अर्थ नाही. ही मोजणी करायला पापुद्रा विकराने मोडून पेशी सुट्या कराव्या लागतात. एकदा मोडलेला पापुद्रा पुन्हा तपासता येत नाही. म्हणजे आधीचा आणि नंतरचा आकडा वेगवेगळ्या पापुद्र्यांचा, आणि मोडतानाही काही पेशी मरतात. पाच टक्क्यांचा फरक या गोंधळातच बसतो. पेशी-उपचारांत ७०% ही किमान मर्यादा अनेकदा धरतात; दोन्ही आकडे तिच्या वर आहेत, पण फार वर नाहीत.

उपकला (अस्तराच्या) पेशींची शुद्धता ९४.६ वरून ८७.९% वर आली. केराटिन ३/७६, पी६३ आणि म्यूक१६ या पेशींची ओळख पटवणाऱ्या प्रथिनांच्या खुणा आधीसारख्याच दिसल्या, थरांची रचनाही टिकली. निर्जंतुकता, एंडोटॉक्सिन (जिवाणूंचं विष) आणि मायकोप्लाझ्मा (अतिसूक्ष्म जिवाणू) यांच्या चाचण्या स्वच्छ.

खटकतं ते झेडओ-१. शेजारच्या पेशींना घट्ट शिवणाऱ्या जोडातलं हे प्रथिन प्रवासानंतर किंचित फिकं दिसलं. पापुद्रा आख्खा सुटून येतो, सूक्ष्मदर्शकाखाली थर नीट दिसतात, पण शिवण थोडी सैल झालेली असते. डोळ्यावर बसल्यावर या शिवणीवरच अश्रू आणि जंतू बाहेर थोपवायची जबाबदारी असते. दोनच दात्यांच्या पेशींवरून याहून पुढे बोलणं धाडसाचं. तरी पुढची पेटी बनवणाऱ्याने जिवंत पेशींचा आकडा वाढवण्यामागे लागण्यापेक्षा झेडओ-१ वर नजर ठेवावी, कारण प्रवासाची पहिली खूण तिथे दिसली.

डिश बदलली की पेटी बदलते

इटलीच्या मोदेनात बनणारं होलोक्लार हे पेशी-औषध २०१५ मध्ये युरोपात मान्य झालं. तिथे लिंबसच्या पेशी २.२ सेमी व्यासाच्या फायब्रिनच्या चकतीवर बसलेल्या असतात. चकतीसकटच डोळ्यावर जातात. सुटण्याची भीती नाही, त्यामुळे पेटी १५ ते २५ अंशांची, फ्रीजमध्ये ठेवायची सक्त मनाई, आणि मुदत ३६ तास. खोलीच्या तापमानाला पेशी कमी खातात, म्हणून मुदतही लांबते. कोबेच्या संशोधकांनी दृष्टिपटलामागच्या (रेटिनामागच्या) रंगद्रव्य पेशी द्रवात सुट्या ठेवून पाहिल्या, तेव्हा त्यांना १६ अंश सर्वांत मानवले: ३७ ला तळाशी बसलेल्या पेशींना प्राणवायू अपुरा पडला, ४ ला थंडीने पेशींच्या आतला सांगाडाच बिघडला.

हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेतल्या वीरेंदर सांगवान आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये मांडलेल्या पद्धतीत तर पेटीच नाही. चांगल्या डोळ्यातून लिंबसची सुमारे २ मिमी × २ मिमीची पट्टी, तिचे आठ-दहा बारीक तुकडे, ते वारेच्या पातळ आवरणावर फायब्रिन गोंदाने चिकटवायचे. पेशी वाढतात त्या डोळ्यावरच. आपल्याकडे तंबाखूच्या चुन्याची पुडी दाबून पोराच्या एका डोळ्यात चुना उडतो, त्या जखमांना हे उत्तम. प्रयोगशाळा नको, विमान नको, ३२ अंशांची काळजी नको.

दोन्ही डोळे गेलेले असतील तेव्हा मात्र पुन्हा तोंडातल्या पेशी. वाढवलेला पापुद्रा मे महिन्यात चंद्रपूरला न्यायचा असेल तर सेंदाईची पेटी उलटी वागते: बाहेर ४५ अंश, म्हणजे उष्णता आत शिरणार. पूर्ण वितळलेली पट्टी तिथे निरुपयोगी, तिच्यात आणखी उष्णता पोटात घ्यायला जागाच उरलेली नसते. पट्टी अर्धी घट्ट, अर्धी पातळ हवी, म्हणजे विमानाच्या गारव्यातही आणि स्टेशनबाहेरच्या उन्हातही ती ३६.७ धरून राहील. पट्टी अर्धी वितळलीय का, हे तापमापक सांगत नाही, कारण पहिल्या थेंबापासून शेवटच्या खड्यापर्यंत तो एकच आकडा दाखवतो. पट्टी हातात धरून हलवायची: आत द्रव हलतो आणि त्यात घट्ट गोळा आदळल्याचं हाताला लागतं, तेव्हा ती पेटीत ठेवायची.